दूध मागणारा पेला

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या त्या घरात पुन्हा नाद उमटला: काचेच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवल्याचा. कमलिनीबाईंनी तो डोळे मिटूनच ऐकला.

मेक्सिकोतल्या वेराक्रूझ बंदरात त्यांच्या यजमानांनी ऐन उमेदीची वर्षे काढली होती. तिथल्या कॉफीगृहात गिऱ्हाईक पेल्यावर चमचा वाजवते आणि वाढपी किटली आणून कॉफीत गरम दूध ओततो. श्रीनिवासरावांनी ती रीत घरी आणली. चमचा त्यांनी वाजवायचा, दूध बाईंनी आणायचे. बंदर सुटले, रीत सुटली नाही. ते निवर्तल्यावरही रोज दुपारी चमचा वाजतच राहिला.

"अंतरा, ऐकलंस?"

"आई, फ्रीजमधला आइसमेकर असेल," लेक आपल्या खोलीतून म्हणाली. "मी मीटिंगमध्ये आहे. तू झोप ना जरा."

"झोपू देतील तर."

ते गेल्यापासून आजवर त्या नादाला बाई उठल्या नव्हत्या. आज मात्र देह फार शिणला होता. एकदाचे दूध दिले की हा नाद शमेल आणि डोळा लागेल, एवढीच त्यांची आशा होती. त्यांनी दूध तापवले आणि यजमानांच्या जागेवरच्या रिकाम्या पेल्यात अदबीने ओतले.

नाद थांबला. बाईंनी सुस्कारा सोडला.

तोच पाठीमागच्या बंद कपाटात एक पेला वाजला. मग दुसरा. मग सगळेच.

"आई," आतून अंतरा म्हणाली, "त्या सगळ्यांना जरा हळू बोलायला सांग ना, प्लीज."