जजेसना सांगायची गोष्ट

"आई टीचर होती, हे काढून टाक," गुरुदत्त म्हणाला. "उगाच गुंता होतो."

क्षितिजा रोबोच्या हातातली सैल झालेली वायर बसवत होती. शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये रोबोंच्या स्पर्धेला आलेल्या टीम्सची टेबलं रांगेनं लावली होती. पलीकडे मॅचेस चालू होत्या. ज्या मुलांच्या शाळेत धड लॅब नसते अशांसाठी गुरुदत्तनं ही टीम इथे परदेशात, डँडेनॉन्गला, आपल्या गॅरेजमध्ये सुरू केली होती. त्याचा मुलगा निनाद प्रायव्हेट स्कूलमध्ये जायचा, पण टीममध्ये तोही होता. रोबो चालवायचा कंट्रोलर त्याच्याकडेच असायचा.

"पण काका, ती खरंच सायन्स शिकवायची. अकोल्याला."

"शिकवायची ना? आता चिकन पॅक करते. तेवढंच सांग. ही टीम नसती तर तू कुठे असतीस, हे जजेसना दिसलं पाहिजे." त्यानं आवाज खाली आणला. "नीट बोललीस, तर फायनलला रोबो तू चालवायचा. प्रॉमिस."

रोबोचा तो हात क्षितिजानं बनवला होता. कुठे किती वेगानं वळवला की तो अडकतो, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. निनाद प्रॅक्टिसला उशिरा यायचा तेव्हा तीच चालवायची आणि बाकीची मुलं हातातलं काम सोडून बघत राहायची.

"ओके," ती म्हणाली.

जजेस आले. दोन बायका आणि एक वयस्क गृहस्थ. क्षितिजानं इंग्लिशमध्ये सांगायला सुरुवात केली. आमच्या घरात कुणी शिकलेलं नाही. आई फॅक्टरीत असते. अभ्यासातलं घरी कुणाला विचारावं, तर कुणाला काही कळत नाही. इथे येण्याआधी मी स्क्रूड्रायव्हरही हातात धरला नव्हता.

एका बाईंनी डोळ्यांच्या कडा टिपल्या. क्षितिजानं ते पाहिलं, आणि पाठ न केलेलं एक वाक्य तिच्या तोंडून निघून गेलं.

"मला आईसारखं व्हायचं नाही, हे मला इथे आल्यावर कळलं."

जजेस तिचे आभार मानून पुढच्या टेबलाकडे गेले. ते बाजूला झाले तेव्हा त्यांच्या मागे सुलोचना उभी होती. शिफ्ट बदलून घेऊन आली होती. हिरवी रेशमी साडी नेसली होती, केस नीट बांधले होते. तिला इंग्लिश उत्तम कळत होतं.

"आई, ते म्हणजे..."

"छान बोललीस," सुलोचना म्हणाली. "कुठे अडखळली नाहीस."

दुपारी बक्षीस जाहीर झालं. संधी न मिळणाऱ्या मुलांपर्यंत पोचल्याबद्दलचं बक्षीस त्यांच्याच टीमला होतं. मुलं ओरडली. गुरुदत्तनं सगळ्यांना मिठ्या मारल्या. फोटोग्राफर आला, तेव्हा गुरुदत्तनं सुलोचनाकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ताई, एक रिक्वेस्ट होती. तुमचं फॅक्टरीचं जॅकेट गाडीत असेल का? ते चमकत्या पट्ट्यांचं? साडीत लोकांना कळत नाही हो."

"काका, नको ना," क्षितिजा म्हणाली.

"अगं, तुझ्याच टीमसाठी. तुझ्यासारखी अजून दहा मुलं येतील."

सुलोचनानं मुलीला जरा बाजूला घेतलं. "फायनलला तू चालवणार आहेस ना?"

"हो. प्रॉमिस केलंय त्यांनी."

"मग घालते मी."

ती पार्किंगमध्ये गेली आणि साडीवर नारिंगी जॅकेट चढवून आली. गुरुदत्तनं तिला मधोमध उभं केलं. क्षितिजाला तिच्या शेजारी.

एवढ्यात माइकवरून फायनलच्या टीम्सची नावं पुकारली. निनादनं टेबलावरचा कंट्रोलर उचलला. दोन मुलं रोबो घेऊन त्याच्यामागून निघाली.

क्षितिजा रांगेतून पुढे झाली. "काका, फायनल."

"निनादला जाऊ दे या वेळी. त्याला सवय आहे." गुरुदत्तनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत जागेवर आणलं. "फोटोग्राफर थांबलाय, आणि फोटोत तू हवीसच. तुझ्याशिवाय काय अर्थ आहे? नेक्स्ट सीझनला नक्की."

त्याचा हात खांद्यावरच राहिला. पलीकडे शिट्टी वाजली आणि मॅच सुरू झाली. क्षितिजानं आईकडे बघितलं नाही.

सुलोचनानं पदर जॅकेटच्या आत खोचला, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि गुरुदत्तला विचारलं,

"हसायचं, की नाही?"