उघडी मूस

सरदारने पितळेचा चेपलेला गडवा ऐरणीवर ठेवला आणि घण उचलला.

"हळू," किसनराव म्हणाले.

"भाऊ, वितळवाचा हाय का पुजाचा हाय?" सरदार हसला. "ट्रॅक्टरनं तं आधीच याची पोळी करून ठेवली."

त्याची बायको सुग्राबी भट्टीचा पंखा फिरवत होती. ती म्हणाली, "तुमचं काय जाते? हळू मारा. त्यायच्या घरवालीचा हाय तो."

सरदारने घण खाली ठेवला आणि लहान हातोडी घेतली.

गडवा परवाच सापडला होता. बोंडअळीने कपाशी गेली, वाळल्या झाडांच्या पराट्या उपटून वावर मोकळं पडलं, म्हणून सरदार जमिनीतला धातू शोधायचं आपलं तारेच्या कड्याचं मशीन घेऊन बोरीहून आला. बोरीत त्याचं ओतकाम चालायचं आणि त्याला मोडीचं पितळ लागायचं. मशीन ओरडेल तिथे दोघे खणत गेले. फवारणी पंपाचे तुटके नोझल निघाले, नटबोल्ट निघाले, एक विळा निघाला. ते सगळं किसनरावांनी त्याला देऊन टाकलं. बांधाशी, धुऱ्याजवळ हा गडवा निघाला, तेव्हा मात्र ते मातीतच बसले. त्यांची बायको तानाबाई कापूस वेचायला जाताना त्यात पाणी नेत असे. हरवला तेव्हा तिने आठ दिवस सगळे धुरे धुंडाळले होते. आता सापडला, तर सांगायला ती नव्हती.

किसनरावांना पुन्हा गडवाच पाहिजे होता, आणि याच पितळेचा. म्हणून आज ते बोरीला सरदारच्या भट्टीवर आले होते.

"काचेचा चुरा तं टाकाच लागते," सरदार म्हणाला. "त्यानं रस झाकून राह्यते. नाई तं पितळ जळते, घट येते. गडव्यापुरतं उरन का नाई, मी सांगत नाई."

"काही टाकू नको. तिचं जेवढं हाय तेवढंच."

"अजी, काच पितळेत मिसळत नाई. वरच्यावर तरंगते."

"नाई म्हनलं ना."

सरदारने सुग्राबीकडे पाहिलं. ती पंखा फिरवत राहिली. त्याने चुऱ्याचा डबा पायाने बाजूला सारला आणि गडव्याचे तुकडे मातीच्या मुशीत टाकून ती भट्टीत ठेवली.

कोळसे लाल झाले, मग पिवळे. तुकडे एकमेकांवर खचले. त्यांच्या कडा गेल्या आणि एकदम सगळ्याचं पाणी झालं. किसनराव वाकून पाहत होते.

तेवढ्यात मुशीच्या तोंडावर हिरवट ज्योत उठली. तिच्यातून पांढरं काही वर आलं. धूर नव्हता तो. पुंजके होते. बोंडातून सुटावेत तसे एकेक सुटत होते, छपराच्या टिनापर्यंत जात होते आणि तरंगत खाली येत होते. सुग्राबीच्या ओढणीवर. ऐरणीवर. किसनरावांच्या टोपीवर. साठ वर्षं वावरात गेली होती, पण आगीतून कापूस निघताना त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"पितळेतलं जस्त उडून राह्यलं!" सरदार ओरडला. "भाऊ, नाकाले कपडा लावा! सुग्रा, झाकण आण!"

सुग्राबीने चिमट्यात झाकण धरून आणलं. किसनरावांनी हात आडवा केला.

"झाकू नको."

"गडवा नाई होनार मंग! वाटी बी होते का नाई, अल्ला जाने."

"नाई होऊ दे."

सुग्राबी झाकण घेऊन तशीच उभी राहिली. पांढरं येतच होतं.

किसनरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि कमरेला बांधला. त्याची खालची दोन टोकं उचलून, कापूस वेचणाऱ्या बाया धरतात तशी त्यांनी ओटी धरली आणि ते मुशीजवळ जाऊन उभे राहिले.