शिल्लक

रिना धानोऱ्यात मोहफुलांचे लाडू करून विकायची. धंदा नीट चाललाय की नाही हे कळायला विक्री पाहावी, नफा पाहावा की खात्यातली शिल्लक, हेच तिला उमगत नव्हतं. तिचा नवरा राजदीप म्हणाला, "कायले डोकं पिकवतं? शिल्लक पाहत जाय. वाढली म्हंजे धंदा बरा."

उन्हाळ्यात जंगलाकडच्या बाया वाळलेली मोहफुलं घेऊन दारात आल्या. घेतली असती, तर शिल्लक उतरली असती. रिनानं त्यांना गोड बोलून परत पाठवलं. घरातल्या फुलांचे लाडू विकले जात होते आणि मोबाइलवरचा आकडा चढत होता. दोघं हरखून गेली.

दिवाळीच्या तोंडावर चंद्रपूरहून मोठी ऑर्डर आली. तोवर घरातली मोहफुलं संपली होती, बाजारातही नव्हती. आता झाडं फुलणार थेट पुढच्या उन्हाळ्यात. रिनानं नाइलाजानं फोनवर नाही म्हणून सांगितलं आणि राजदीपकडे वळली.

"असं कसं झालं जी? आपला धंदा तं वाढून राह्यला होता न?"

राजदीपनं पुन्हा मोबाइल उघडून पाहिला.

"वाढूनच राह्यला," तो गोंधळून म्हणाला. "एवढी शिल्लक तं कधीच नव्हती."