फिलोमिनाआंटींची गव्हाण

आमच्या गिरगावच्या चाळीतल्या फिलोमिनाआंटी नाताळच्या आधी चार आठवडे एक व्रत पाळतात. एक सत्कृत्य केलं की रिकाम्या गव्हाणीत एक काडी, म्हणजे बाळ येशूला अंथरूण मऊ होतं.

यंदा माझ्या आईचा पाय मोडला. आंटींनी महिनाभर आमच्याकडे स्वयंपाक केला, आईची वेणीसुद्धा घातली.

चोवीस डिसेंबरला बघतो तर गव्हाण रिकामी!

"आंटी, बाळ काय लाकडावर झोपणार?"

"काय करू रे? यंदा तुमच्याकडेच होते. सत्कृत्याला वेळ कुठे मिळाला?"

हे ऐकून आई वॉकर टेकत लक्ष्मीपूजनाची कोरी केरसुणी घेऊन आली. एकेक दिवस आठवत गव्हाणीत काड्या टाकत बसली.

केरसुणी संपली. मी दुसरी आणायला निघालोय.