डॉक्टर ओरडले नाहीत

घड्याळजींच्या होडीने वळणाची खूण म्हणून तरंगणाऱ्या बोयाला ढुशी दिली. हळूच किंवा चोरून नव्हे, चांगली दणदणीत. बोया बिचारा बुडून वर आला.

घड्याळजींनी मान खाली घातली आणि डॉक्टरांच्या ओरडण्याची वाट पाहिली.

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत पाण्यावर पंच नसतो. बोयाला धक्का लागला, तर आपणहून होडीची एक गिरकी घ्यायची. नाही घेतली, तर पाहणाऱ्याने ओरडायचं आणि लाल बावटा दाखवायचा. सगळा कारभार सज्जनपणावर चालतो, म्हणून बावटा प्रत्येकाच्या होडीत असतोच.

डॉक्टरांचा तर वापरून वापरून गुलाबी झाला होता. घड्याळजींच्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा त्यांनी तक्रार करून घड्याळजींना शर्यतीतून बाद केलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांत मोठा पुष्पगुच्छ घेऊन हजर झाले होते. आधी डॉक्टरांनी ओरडायचं, मग घड्याळजींनी शिवी हासडून गिरकी घ्यायची. म्हातारपणीही मैत्री अशी ठणठणीत होती.

आज डॉक्टरांची होडी अगदी शेजारी होती. त्यांनी ढुशी पाहिली. मग शीड आजच विकत आणल्यासारखं ते त्याच्याकडे निरखून पाहू लागले.

घड्याळजींचा हात आपोआप पोटाकडे गेला. त्याच पोटाच्या तपासण्या गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी करवून घेतल्या होत्या. “रिपोर्ट आला का रे?” असं त्यांनी सकाळीच धक्क्यावर विचारलं होतं.

“लॅबवाल्यांचं मशीन बिघडलंय, लेका. तू शीड बांध,” डॉक्टर म्हणाले होते.

घड्याळजींनी शीड बांधलं होतं. डॉक्टर कधी खोटं बोलत नसत. घड्याळजींची निम्मी बक्षिसं त्यापायीच बुडाली होती.

पुढच्या वळणावर घड्याळजींनी मुद्दाम डॉक्टरांच्या वाटेत होडी घातली. आधी जायचा हक्क डॉक्टरांचा होता. आंधळ्यालाही दिसेल अशी आगळीक होती.

डॉक्टरांनी मुकाट्याने सुकाणू वळवून वाट दिली.

“अरे, ओरड की!”

“जा रे, जा पुढे तू,” डॉक्टर म्हणाले. “वारा चांगलाय.”

घड्याळजी पुढे गेले. शेवटची रेषा समोर होती आणि डॉक्टर मागे होते. डॉक्टरांनी अशी वाट आयुष्यात कधी सोडली नव्हती.

घड्याळजींनी हातातला शिडाचा दोर सोडून दिला. शीड नुसतंच फडफडू लागलं. होडी जागच्या जागी डुलत राहिली. डॉक्टरांची होडी मागून येऊन टेकली, आणि त्यांनीही दोर सोडला. बाकीच्या होड्या एकेक करून पुढे निघून गेल्या. डॉक्टर चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

घड्याळजींनी त्यांचं पुसून होऊ दिलं.

“आमच्या हिला सांगितलंस का?” त्यांनी विचारलं.