फाटकावरची बाई

'फाटकावर दंगा' असा प्रकार कॉम्प्युटरच्या यादीत कुठंच नव्हता. करुणानं 'इतर' निवडलं, गांभीर्याच्या रकान्यात 'किरकोळ' टाकलं आणि वहीतली पुढची नोंद घेतली.

दौंडच्या त्या बालगृहात घटना नोंदवायची नवी पद्धत येऊन महिना झाला होता. मूल पडलं, पळालं, तापानं फणफणलं, सगळं आता कॉम्प्युटरवर जायचं. जुन्या वह्यांतलंसुद्धा. ते काम करुणानं आपणहून मागून घेतलं होतं. ती इथंच वाढली होती. चार वर्षांची असताना आईला क्षय झाला. आईनं तिला इथं ठेवलं आणि पुढच्या वर्षी आई दवाखान्यातच वारली, एवढंच तिला माहीत होतं. अधीक्षिका ताईबाईंनी तिला बारावीपर्यंत शिकवलं, इथंच नोकरीला लावलं. त्यांचं वळणदार अक्षर कॉम्प्युटरवर चढवताना तिला घरचंच काम केल्यासारखं वाटायचं.

वही १९९१ ची होती. 'मौजे केंदूर, ता. शिरूर येथील चांगुणा नावाची बाई पुन्हा आली. करुणा माझी लेक, माझ्या ताब्यात द्या, म्हणून रडारड. वॉचमनकरवी बाहेर काढली.'

करुणानं तारीख दोनदा वाचली. तिच्या आईचं नाव चांगुणा होतं. आणि त्या तारखेला आईला जाऊन दोन वर्षं झाली होती.

तिनं मागची पानं चाळली. जूनमध्ये बाई आली होती. ऑगस्टात आली, ती बरं झाल्याचा दवाखान्याचा कागद घेऊन. दिवाळीत नवा फ्रॉक घेऊन.

वही तशीच उघडी धरून ती ताईबाईंच्या खोलीत गेली. त्या बशीत चहा ओतत होत्या.

"माझी आई जिवंत होती, ताईबाई?"

ताईबाईंनी वहीकडं पाहिलं. चहाचा एक घोट घेतला.

"पन्नास पोरं असल्याबिगर मान्यता मिळत नव्हती. तू पन्नासावी होतीस. तुला सोडली असती, तर बाकीची एकोणपन्नास कुठं गेली असती?"

करुणानं त्या नोंदीवर बोट ठेवलं.

"निदान एकदा तरी भेटू द्यायचं होतं तिला."

"दिलं की," ताईबाई म्हणाल्या. "पुढचं पान वाच."

करुणानं पान उलटलं.

'बाई ऐकेना म्हणून आज मुलीस फाटकावर आणून तिच्यासमोर उभे केले. ही तुझी कोण, असे विचारले. मुलगी म्हणाली, माझी आई मेली. त्यानंतर बाई आली नाही.'