ठिगळ

नोकरी सोडून प्रफुल्लने सिंदी मेघेतल्या आपल्या शेडमध्ये तुरीची डाळ करायचं मशीन बनवलं आणि हेलपाटे घालघालून त्याचं पेटंटही मिळवलं. पहिलंच मशीन गिऱ्हाइकाकडे निघालं, ते पवनारजवळ टेम्पोतून खाली आलं आणि त्याचा उजवा पाय तडकला. प्रफुल्लने तिथल्याच एका दुकानात पायाला लोखंडाचं ठिगळ वेल्डिंग करून घेतलं आणि मशीन पोचतं केलं.

नेमकं तेच मशीन पुढे एका कारखानदाराच्या हाती लागलं. त्याने ते खोललं, मापं घेतली आणि हुबेहूब तसलीच मशिनं विकायला काढली. हुबेहूब म्हणजे अशी, की प्रत्येक कोऱ्या मशीनच्या उजव्या पायाला त्याच जागी ठिगळ. प्रफुल्लच्या बायकोने, पौर्णिमाने, कपाळाला हात लावला. प्रफुल्लने दावा लावायला गाठलेला वकील मात्र खूश झाला; म्हणाला, यापेक्षा चांगला पुरावा शोधून सापडायचा नाही.

कोर्टात तारखा पडत राहिल्या आणि ठिगळवाली मशिनं गावोगाव पोचत राहिली.

मग एक दिवस वडनेरचे रूपराव मशीन घ्यायला शेडमध्ये आले. त्यांनी तूर टाकून पाहिली, डाळ तळहातावर घेऊन निरखली, मान डोलावली. शेवटी खाली बसून मशीनच्या उजव्या पायावरून हात फिरवला आणि उठून चपला घातल्या.

"काऊन काकाजी, पसंत नाई पडलं का?" प्रफुल्लने विचारलं.



"डाळ तं मस्त निघते, पण याले ठिगळ नाई. डुप्लिकेट माल मी घेत नाई, भाऊ."